टाकी अर्धी झाली की इंजिन एअर घेतं, गळती मात्र कुठेच नाही: डिझेल लाइनचे जोड

खाडीकाठ

लाकडी ट्रॉलर, सहा सिलिंडरचं इंजिन, इनलाइन मायको इंजेक्शन पंप. टाक्या इंजिनखोलीत दोन्ही कुशींना. डिझेल टाकीच्या वरून बुडवलेल्या नळीने ओढलं जातं. टाकी भरलेली असेल तर दिवसभर त्रास नाही. अर्ध्याखाली गेली की पाऊण-एक तासात आवाज वरखाली व्हायला लागतो आणि इंजिन बसतं. हातपंपाचे वीस-पंचवीस दट्टे मारले की पुन्हा चालू. दोन्ही फिल्टर नवे. टाकीपासून पंपापर्यंत कोरडं फडकं फिरवून पाहिलं, थेंबसुद्धा नाही. सगळ्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळून झाली, फरक नाही.

बोट पावसाळ्यासाठी शाकारलेली आहे. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत, म्हणजे हाताशी वेळ आहे. लाइन पूर्ण नवी टाकायचा विचार आहे. तांब्याची टाकावी की रबरी? जोड कोणते चांगले?

पाना१७

लाइन उखडण्याआधी थांबा. जोड चुकीचे असतील तर नव्या लाइनीतही हेच होणार.

थेंब दिसत नाही, कारण दोष ओढीच्या बाजूला आहे. टाकीपासून फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल उपसून इंजेक्शन पंपाला देणाऱ्या पंपाच्या) तोंडापर्यंतच्या लाइनीत दाब नसतो, ओढ असते. तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेलची पातळी पंपाच्या वर असते, त्यामुळे ओढ जवळपास लागत नाही. पातळी खाली गेली की पंपाला खरोखर उपसावं लागतं आणि तोच जोड हवा घ्यायला लागतो. भरलेल्या टाकीच्या दिवसांत त्या जोडातून थोडं पाझरलेलं असतंच, पण इतकं कमी की धुळीत मुरून जातं. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक नटाच्या मागे बघा. ज्या जोडाभोवती काळपट चिकट कडं दिसेल, तो पहिला संशयित.

शोधायची खात्रीची पद्धत अशी. फीड पंपाच्या तोंडाशी फूटभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा, दोन्ही टोकांना क्लिप लावा. टाकी अर्ध्याखाली असतानाच इंजिन चालवा आणि नळीमागे पांढरा कागद धरून बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील, ते नळी बसवताना शिरलेल्या हवेचे. पाच मिनिटांनंतरही मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा त्याच्या मागून येते आहे. मग तीच नळी एकेक जोड टाकीकडे सरकवत न्या. जिथे माळ थांबते, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष. काम झालं की नळी काढून टाका. पारदर्शक नळी लाइनीत कायमची ठेवू नये, उष्णतेने ती मऊ पडते, नंतर कडक होऊन चिरते आणि आगीत पहिल्या मिनिटात जाते.

सुकाणू

वरच्यांच्या सांगण्यात एक भर. टाकीत वरून बुडवलेली नळी असेल तर तिलाच मध्यावर चीर किंवा गंजाचं भोक पडलेलं असू शकतं. भोक डिझेलखाली आहे तोवर काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली आली की नळी हवा ओढते, लक्षणं अगदी हीच. त्यामुळे पारदर्शक नळी शेवटी टाकीच्या निघत्या जोडाला लावून बघाच. तिथेही बुडबुडे असतील तर आतली नळी काढा.

त्या नळीचं टोक टाकीच्या तळापासून २५ ते ४० मिमी वर असावं. तळाला टेकलं की पाणी आणि गाळ ओढला जातो.

मचवा

टेफ्लॉन टेपने काम का झालं नाही, हे कोणी नीट सांगेल का? आमच्याकडे बंदरावर सगळे तीच वापरतात.

पाना१७

कारण बहुतेक जोडांत सील आट्यांवर होतच नाही. आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. सील कुठे होतं ते जोडागणिक वेगळं असतं.

बॅन्जोत (पोकळ बोल्टने बसणाऱ्या कडीसारख्या जोडात) सील होतं ते दोन तांब्याच्या वायसरांवर, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक बॅन्जोच्या मागे. फ्लेअरमध्ये शंकूवर दाबलेल्या नळीच्या पसरट तोंडावर. रिंगवाल्या जोडात नळीला चावलेल्या रिंगेवर. सरळ आट्यांच्या भोकात वायसरवर किंवा ओ-रिंगवर. खरं आट्यांवर सील होतं ते एकाच प्रकारात, निमुळत्या आट्यांमध्ये.

टेप शंकूवर किंवा वायसरच्या बैठकीवर गेली की धातू धातूला टेकत नाही आणि जोड उलट सैल राहतो. त्याहून वाईट म्हणजे टेपचे तुकडे. घट्ट करताना कडेचा धागा कापला जातो आणि लाइनीत वाहत जातो. तो फीड पंपाच्या झडपेखाली अडकला की झडप बसत नाही आणि पंप उपसायचा थांबतो. फिल्टरच्या पुढच्या जोडावर टेप असेल तर तुकडा थेट इंजेक्शन पंपात. निमुळत्या आट्यांवरही टेपऐवजी डिझेल सहन करणारं अनॅरोबिक (हवा न मिळता घट्ट होणारं) थ्रेड सीलंट लावा, तेही टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडून. आटे आधी तेलकट राहू देऊ नका, नाहीतर ते धरत नाही. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ सोडा आणि मगच डिझेल भरा.

खाडीकाठ

म्हणजे टेप सगळीकडची काढू?

पाना१७

सगळीकडची. आट्यांच्या खाचांतला धागा पितळी तारेच्या ब्रशने काढा, जोडाचं तोंड खाली धरून, म्हणजे कचरा आत जाणार नाही. काढताना प्रत्येक जोडाची जात एका कागदावर लिहा. अर्धं उत्तर तिथेच सापडेल.

रेतीबंदर

आट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या बोटींवर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. इंजिन मेट्रिक, टाकीचे व्हॉल्व बीएसपी (ब्रिटिश पाईप आटे) आणि बाहेरून आणलेला फिल्टर अमेरिकी आट्यांचा. बाजारातले फिटिंग दिसायला सारखे, पण मापं निराळी.

बऱ्याच फिल्टरांच्या डोक्याला एम १४ × १.५ चं (१४ मिमी मेट्रिक आट्यांचं) भोक असतं. त्यात १/४ इंची बीएसपी फिटिंग दोन-तीन आटे सहज जातं, कारण त्याचा बाहेरचा व्यास साधारण १३.२ मिमी. पुढे अडतं, कारण एका आट्याचं अंतर १.५ आणि दुसऱ्याचं १.३४ मिमी. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे खरवडले जातात, फिटिंग घट्ट वाटतं, पण वायसरवर सरळ बसत नाही. मग टेप गुंडाळली जाते. दाबाच्या बाजूला हे गळतं, ओढीच्या बाजूला हवा घेतं.

१/४ एनपीटी (अमेरिकी पाईप आटे) आणि १/४ बीएसपी यांचंही तसंच. एकात इंचाला १८ आटे, दुसऱ्यात १९. कोनही ६० आणि ५५ अंशांचा. १/२ इंचात दोन्हींना १४ आटे असल्यामुळे ते एकमेकांत बरेच आत जातात आणि फसवतात, तरी कोन वेगळाच. रॅकॉर कंपनीच्या पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरांत ५०० एफजीला ३/४-१६ (३/४ इंच व्यास, इंचाला १६ आटे) आणि ९००, १००० एफजीला ७/८-१४ चं सरळ आट्याचं भोक येतं, सील ओ-रिंगवर. त्यात ओ-रिंगचा योग्य ॲडॉप्टर घालायचा आणि त्याच्या दुसऱ्या तोंडाला हवा तो प्रकार घ्यायचा. टेप लावून बीएसपी निपल कोंबू नका.

फ्लेअरमध्ये ३७ आणि ४५ अंश असे दोन प्रकार आहेत. १/४, ५/१६ आणि १/२ इंच नळीसाठी दोन्हींचे आटे एकच असतात, त्यामुळे नट छान फिरतो. पण शंकू एका बारीक रेघेवरच टेकतो, थरथरीत ती रेघ झिजते आणि महिन्या-दोन महिन्यांनी हवा सुरू. एकाच बोटीवर एकच जात ठेवा, सुटे भागही तेच.

थ्रेड गेज आणि व्हर्निअर शे-दोनशे रुपयांपासून मिळतात. डोळ्याच्या अंदाजावर आटे ओळखू नयेत.

सुकाणू

आता मूळ प्रश्नाकडे, तांबं की रबर. दोन्ही, आपापल्या जागी.

टाकीपासून इंजिनजवळ बोटीला पक्क्या केलेल्या पाटीपर्यंत धातूची नळी. अखंड ओढलेलं मऊ तांबं, बाहेरून १० किंवा १२ मिमी, जाडी १ मिमी, मधे जोड शक्यतो एकही नको. दर ४० ते ४५ सेंमीवर पट्टी, पट्टीखाली रबराचा तुकडा. लाकडाच्या फ्रेममधून जाते तिथे रबरी ग्रोमेट. तांबं सतत थरथरलं की कडक होतं आणि नटाच्या अगदी मागे गोल चिरतं, म्हणून शेवटचा टप्पा लवचीक ठेवायचा.

तो टप्पा इंजिन आणि पाटी यांच्या मधला. इंजिन रबरी पायांवर हलतं, बोट हलत नाही. तिथे आयएसओ ७८४० ए१ किंवा ए२ छापलेला आगरोधक इंधन होज घ्या. त्याची चाचणी ज्योतीत अडीच मिनिटं टिकण्याची असते. तेवढ्यात टाकीचा व्हॉल्व बंद करता येतो. लांबी इतकी की हलकी कमान राहील, ताणलेला नको आणि लोंबकळताही नको. साधी पाण्याची किंवा बागेची नळी वापरू नका. गरम झाली की ओढीने चपटी होते, बाहेरून दिसतही नाही आणि इंजिन भुकेलं राहतं.

गॅल्व्हनाइज्ड पाईप आणि फिटिंग डिझेलला लावू नयेत. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो, तो फिल्टर आणि नोझल बुजवतो. टाकीही आतून गॅल्व्हनाइज्ड नको. कथिलाचा डाग दिलेला जोडही नको, आगीत तो सगळ्यात आधी वितळतो.

मचवा

क्लिप एक लावायची की दोन?

सुकाणू

निपलची लांबी बघून. होज किमान ३०-३५ मिमी चढत असेल तर दोन, नाहीतर एकच, पण चांगली. आखूड निपलवर दुसरी क्लिप अर्धी हवेत बसते आणि होजची कड कापते. १० मिमीच्या होजला आरपार खाचांची जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) चालवू नका, खाचांतून रबर वर येतं आणि चिरतं. गुळगुळीत पट्टीची नट-बोल्टवाली छोटी क्लिप सगळीकडून सारखी दाबते. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या क्लिपच्या स्क्रूला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्क्रू हलका आहे आणि खाऱ्या हवेत तो आधी गंजेल, पट्टी चकचकीतच राहील.

रेतीबंदर

दोन क्लिपच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. ओढीच्या बाजूला निपल लांब असलेलंच घ्या आणि दोन क्लिप लावाच. एक सैल पडली तर इंजिन समुद्रात बसतं, तिथे एका क्लिपची बचत परवडत नाही. आखूड निपल असेल तर निपल बदला.

सुकाणू

निपल बदलणार असाल तर मान्य.

खाडीकाठ

फ्लेअर मारताना नळीचं तोंड चिरतं. काय चुकतं?

पाना१७

नळी हॅक्सॉने कापू नका, ट्यूब कटरने कापा आणि कटर हळूहळू आवळा. घाईत आवळला की तोंड आत दुमडतं. आतली कड रीमरने साफ करा, नळी खाली धरून, म्हणजे किस बाहेर पडेल. नट आधी चढवा, हे विसरलं की पुन्हा सगळं. टूलच्या पट्टीतून नळी किती वर ठेवायची ते टूलवर दिलेलं असतं, जास्त ठेवली की तोंड पातळ होऊन फाटतं. शंकूला एक थेंब तेल लावा. जुनी नळी कडक झालेली असते, तिचं शेवटचं पन्नास-साठ मिमी अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून थंड करा, मगच फ्लेअर मारा. तयार तोंड नखाने चाचपा, कडेला केसाएवढी चीर लागली तरी कापून टाका.

रिंगवाल्या जोडात नळी आतल्या पायरीला टेकेपर्यंत घाला, नट हाताने घट्ट करा, नटावर आणि नळीवर मार्करने रेघ ओढा आणि साधारण सव्वा फेरी द्या. पोलादी कापणाऱ्या रिंगेला दीड फेरी लागते. तिथे बनवणाऱ्याचा आकडा बघा. पुन्हा जोडताना जुन्या रेघेपर्यंत आणा आणि त्यापुढे थोडंच. गळतंय म्हणून आवळत राहिलं की रिंग नळीला दाबून भोक अरुंद करते.

मचवा

तांब्याची वायसर परत वापरता येते का? बंदरावर तापवून वापरतात.

पाना१७

तापवलेली वायसर चालते, पण नवी असताना जुनी का? एका वेळी पंचवीस-तीसचं पाकीट आणून ठेवा, दोन-तीन मापांत. अगदी नसेलच तर वायसर मंद लाल तापवा, पाण्यात टाका किंवा हवेत थंड होऊ द्या, तांब्याला दोन्ही चालतं. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने, काचेवर ठेवून गोल फिरवत काढा. जिच्यावर जुन्या बैठकीची खोल रिंग उमटली आहे ती फेका. बॅन्जो बोल्ट आतून पोकळ असतो, जास्त आवळला की डोक्याखाली तुटतो. मॅन्युअलमधला टॉर्क वापरा.

आणि एक. हातपंपाची मूठ खाली दाबून पूर्ण फिरवून बसवलेली आहे ना? तिच्या दट्ट्याचं रबर झिजलं असेल तर तिथूनही हवा जाते. ही जागा पंपाच्या तोंडावरच्या पारदर्शक नळीत दिसणार नाही.

तिसरा_इंजिनिअर

मर्चंट नेव्हीच्या बाजूने एक गोष्ट. मोठ्या जहाजांवर इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंतच्या हाय प्रेशर पाईपवर सोलासने (जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने) दुहेरी वेष्टन सक्तीचं केलं आहे आणि २२० अंशांच्या वर तापणारा भाग झाकावा लागतो. १ जुलै १९९८ नंतरच्या जहाजांना हे लागलं, जुन्यांना १ जुलै २००३ पर्यंत मुदत होती. मासेमारी बोटींना सोलास लागू नसलं तरी कारण तेच आहे. डिझेलचा फवारा गरम एक्झॉस्टवर पडला की ठिणगीची गरज नसते.

म्हणून ड्राय एक्झॉस्ट (पाण्याने थंड न होणारा) असेल तर लॅगिंग, म्हणजे त्यावरचं उष्णतारोधक वेष्टन, फाटलेलं ठेवू नका. मुख्य फिल्टर एक्झॉस्टच्या बाजूला नको. पारदर्शक प्लास्टिक बाऊल असेल तर त्याखाली धातूची ढाल हवी. टाकीचा व्हॉल्व इंजिनखोलीबाहेरून बंद करता यायला हवा.

हाय प्रेशर पाईप बसवताना दोन्ही नट आधी हाताने तीन-चार आटे फिरले पाहिजेत. नट जागेवर यावा म्हणून पाईप वाकवायचा नाही. पंपाकडचा नट आवळताना खालचं डिलिव्हरी व्हॉल्व होल्डर दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तेच सैल होतं. पाईपांच्या मधल्या पट्ट्या काढून ठेवलेल्या दिसतात. त्या नसल्या की पाईप शंकूजवळ तुटतो. गळतो म्हणून नट जास्त आवळला की शंकूचं तोंड आत दबतं आणि त्या सिलिंडरला डिझेल कमी जातं.

चालू इंजिनवर गळती शोधायची असेल तर हाताचं बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. फवारा कातडीतून आत जातो. बाहेरून टोचल्यासारखं दिसतं, आत हात सडतो. असं झालं तर बर्फ-मलम करत बसू नका, सरळ शस्त्रक्रिया होईल अशा हॉस्पिटलात जा आणि आत डिझेल गेलंय हे डॉक्टरांना सांगा. कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर एअर काढायला नट सैल करण्याची जुनी सवय पूर्ण सोडा, तिथे दाब हजार बारच्या वर असतो.

रेतीबंदर

रिटर्न लाइनबद्दल कोणी लिहिलं नाही. दोन टाक्यांमध्ये बदलाचा व्हॉल्व असेल तर रिटर्नही त्याच टाकीत गेला पाहिजे. नाहीतर एक रिकामी होते आणि दुसरी भरून व्हेंटमधून वाहते. रिटर्नवर सुटा बंद करायचा व्हॉल्व ठेवू नका. कोणी चुकून बंद केला तर पंपाचं सील फुटतं. नोझलवरच्या बारीक विणलेल्या रिटर्न नळ्या दर दोन वर्षांनी बदला, मीटरभर नळीत काम होतं. काही इंजिनांत त्या व्हॉल्व कव्हरच्या आत असतात, तिथे गळती थेट ऑइलमध्ये जाते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की तेच बघा.

बीएस ६ डिझेल १ एप्रिल २०२० पासून आलं, गंधक १० पीपीएम. जुन्या नायट्राईल रबराच्या ओ-रिंग अशा इंधनात आकसू शकतात. दहा-बारा वर्षांच्या ओ-रिंग असतील तर या बंदीत सगळ्या बदला.

सुकाणू

नवी लाइन बसली की डिझेल भरण्याआधी हवेने तपासा. टाकीकडचं टोक सोडवून बंद करा, पंपाकडच्या टोकाला सायकलच्या पंपाने ०.३ बारपर्यंत हवा द्या, साबणाचं पाणी ब्रशने लावा. दहा मिनिटांत गेजचा काटा हलता कामा नये. टाकीत हवा भरायची नाही, तिचे पत्रे फुगतात.

मग एअर काढायची. टाकीचा व्हॉल्व उघडा, फिल्टरचा स्क्रू सैल करा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत हातपंप, स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडचे नट अर्धी फेरी सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. वेट एक्झॉस्टच्या (एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणाऱ्या) बोटींनी सेल्फ लांब मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पाणी सिलिंडरात परततं. इंजिन सुरू होताच कॉक उघडा.

खाडीकाठ

तपासलं. पारदर्शक नळी फीड पंपाच्या तोंडाला लावली तर बुडबुड्यांची माळ होती. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या आधी लावली, बुडबुडे नाहीत. टाकीच्या जोडालाही नाहीत, म्हणजे आतली नळी ठीक. फिल्टरचा निघता जोड काढला. डोक्यात एम १४ चं भोक, फिटिंग १/४ बीएसपी, त्यावर टेपचे सात-आठ वेढे. वायसर एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने काळी, म्हणजे अर्धीच टेकत होती. भोकाचे पहिले तीन आटे खरवडलेले आहेत. डोकं बदलू की आटे दुरुस्त होतील?

रेतीबंदर

डोकं बदला. आत चार-पाच आटे चांगले असले तरी वायसरची बैठक आता सपाट राहिलेली नसणार. नवं डोकं, एम १४ × १.५ चं फिटिंग, नवी वायसर. जुनं फिटिंग बोटीवर ठेवू नका, अडचणीच्या वेळी कोणीतरी तेच पुन्हा घालेल.